यंदाची साय

जुलै निम्मा सरला, तरी सिनेवाच्या चरवीतली साय तिसऱ्या खाचेच्या वर चढायचं नाव घेत नव्हती.

चरवी लाकडी होती, आईच्या वेळची. आतल्या बाजूला आईने सुरीने चार खाचा पाडल्या होत्या. दोन दिवसांची साय चौथ्या खाचेला टेकली की घुसळायला घ्यायची, हा तीस वर्षांचा शिरस्ता. यंदा तीन दिवस व्हायचे, चार व्हायचे, आणि सिनेवा झाकण काढून बघायची न् परत लावायची. पहिल्या आठवड्यात तिने पावसाला दोष दिला, दुसऱ्या आठवड्यात गवताला. पण आता पाऊसही थांबला होता, आणि गवत असं माजलं होतं की संध्याकाळी शेळ्या पोटं सांभाळत उतरायच्या. कासा तटतटलेल्या असायच्या. दूध बादल्यांनी निघत होतं. मग साय जात होती कुठे?

खाडीच्या काठाला गाव, गावाच्या वर अडीच तासांचा चढ, आणि झाडं संपतात तिथे ही उन्हाळ्याची वाडी. दोनच घरं. दोन्ही दगडाची, छपरावर गवत उगवलेली, मध्ये शंभर पावलांचं अंतर आणि एक ओहोळ. एक घर सिनेवाच्या भावाचं, म्हणजे सिवर्टचं. दुसरं योरुनचं. जूनमध्ये शेळ्या वर यायच्या, सप्टेंबरात खाली जायच्या, आणि त्यांच्याबरोबर या दोघी. योरुन विधवा, अठ्ठेचाळिशीची. सिनेवाने लग्न केलं नव्हतं. तिला बावन्न झाली होती आणि वाडीवरचा हा तिचा एकतिसावा उन्हाळा. खाली भावाच्या घरात तिला जिन्याखालची एक खोली होती. इथे वर सगळं तिचं होतं. चूल, तांब्याची कढई, शेहेचाळीस शेळ्या आणि पासोप नावाचा कुत्रा.

सायीचं यंत्र मात्र तिचं एकटीचं नव्हतं. गाईचं दूध परातीत ओतून ठेवलं की सकाळी त्यावर जाड साय आयती मिळते. शेळीचं दूध तसलं नाही. त्यातला लोण्याचा अंश इतका बारीक असतो की दूध आंबून जाईल पण साय धरणार नाही. म्हणून सिनेवाच्या आईने आणि योरुनच्या सासूने, दोघींनी मिळून हे यंत्र घेतलं आणि ते सिनेवाच्या दूधखोलीत जाड फळीवर ठोकून बसवलं. वर दुधाचं पसरट भांडं, त्याला तोटी. पोटात एकात एक बसणाऱ्या अठरा पत्र्याच्या ताटल्या, त्या गरगरल्या की दुधातून साय वेगळी होते. बाजूला दोन नळ्या, एकीतून साय आणि दुसरीतून फिकं दूध. आणि एक लांब मूठ. मूठ फिरवायला लागलं की तिच्यावरची छोटी घंटी प्रत्येक फेऱ्याला किणकिणायची. वेग पुरेसा झाला की घंटीची जीभ आत चिकटून बसायची आणि ती गप्प व्हायची. घंटी गप्प झाली की तोटी सोडायची, त्याआधी नाही. आईने तिला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, कान उपटून.

शनिवारी सकाळी तिने ताटल्या उकळत्या पाण्यात धुतल्या, क्रमाने तारेत ओवल्या, एकेक पुसून परत बसवली. रबराचं कडं दाबून पाहिलं. मग धारोष्ण दूध गाळून वर ओतलं आणि मूठ धरली. यंत्र घरघरलं. घंटी क्षणभरही वाजली नाही असं तिला वाटलं. यंदा तेल चांगलं लागलंय, वेग चटकन येतो, असं म्हणत तिने तोटी सोडली. नळीतून साय आली ती पाण्यासारखी. बोटावर घेतली तर बोटावरून ओघळून गेली.

थोड्याच वेळात सिवर्ट घोडा घेऊन वर आला. दर शनिवारी तो यायचा, आठवड्याचं लोणी आणि तपकिरी चीज खाली न्यायला. या खेपेला त्याच्यामागे दागनीही होती, त्याची बायको. तिचा चेहरा चढाने लाल झाला होता, पण श्वास लागला तरी बोलणं काही थांबलं नव्हतं.

"काय वन्सं, बऱ्या आहात ना? बाई गं, किती माश्या या!" असं म्हणत ती थेट दूधखोलीत शिरली. कोणी विचारायच्या आत तिने लोण्याच्या पिंपाचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच निघालंय," सिनेवा म्हणाली.

सिवर्टने पिंप एका हाताने उचललं. मागच्या वर्षी त्याला दोन हात लावावे लागायचे. पिंप खाली ठेवून तो बाहेर गेला आणि डुकराच्या कुंपणापाशी उभा राहिला. फिकं दूध पिऊन पिऊन डुक्कर चांगलंच गुबगुबीत झालं होतं.

"लोणी कुठे जातंय ते माहीत नाही ताई," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पण या लेकाची चैन आहे यंदा."

सिनेवाला हसू आलं नाही. दागनी तिच्यामागे येऊन उभी राहिली होती.

"येताना योरुनबाईंच्या दारावरून आलो आम्ही," दागनी म्हणाली. "त्यांचं पिंप काठोकाठ आहे. शेळ्या आपल्यापेक्षा पंधरा कमी. यंत्र एक, डोंगर एक. मला आपलं कळत नाही हो, म्हणून विचारते."

"मलाही कळत नाही."

"नाही, वय होतं माणसाचं. एवढा व्याप एकटीने ओढायचा म्हणजे..." दागनीने सिवर्टकडे पाहिलं. "आम्ही बोलत होतो. पुढच्या उन्हाळ्याला मी येईन वर. तुम्ही खाली आराम करा. मुलांकडे बघा."

सिनेवाने भावाकडे पाहिलं. सिवर्ट डुकराची पाठ खाजवत होता.

"सिवर्ट, खरं का रे हे?"

"बोललो होतो नुसतं," तो म्हणाला. "अजून काही ठरलं नाही."

आणि नेमकी त्याच वेळी योरुन दारात आली. खांद्यावरच्या दांडीला दोन्ही बाजूंनी दुधाच्या बादल्या. तिची पाळी होती. सिनेवाचं दूध झालं की तिचं, हे ठरलेलं. सोमवारी सिनेवाने तिला भूर्जाच्या रानात एका शेळीपाशी उकिडवं बसलेलं पाहिलं होतं. शेळी सिनेवाची होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. सिनेवा त्या वेळी काही बोलली नव्हती. पण तेव्हापासून ते दृश्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. आता भाऊ, भावजय आणि ते अर्धं पिंप डोळ्यांसमोर असताना ते एकदम ओठांवर आलं.

"लोणी कुठे जातंय विचारता ना? मग हिला विचारा," सिनेवा म्हणाली. "माझ्या शेळ्या रानात कोण पिळतं ते हिला विचारा."

योरुनने बादल्या खाली ठेवल्या नाहीत. तिची मान हळूहळू लाल होत गेली.

"काय म्हणालीस?"

"सोमवारी. ठिपकीपाशी बसली होतीस. मी पाहिलंय."

बादल्या न हिंदकळू देता योरुन वळली, ओहोळावरच्या फळीवरून सावकाश पलीकडे गेली आणि तिच्या घराचं दार लागलं.

दागनीच्या तोंडून "बाई गं!" एवढंच निघालं, पण डोळे चकाकत होते. सिवर्टने लोणी आणि चीज घोड्यावर चढवलं. जाताना तो बहिणीला म्हणाला, "शेळ्यांवर लक्ष ठेव. खरं असेल तर पुढच्या शनिवारी कळेलच."

त्या दिवसापासून योरुन यंत्रापाशी आली नाही.

रविवारी सिनेवा शेळ्यांच्या मागेमागे दिवसभर फिरली. खडकावर बसून तिने कोरडी भाकर खाल्ली. योरुनच्या शेळ्या त्याच उतारावर होत्या, पण योरुन लांबूनच हाक मारून त्यांना वेगळं काढायची. सिनेवाच्या एकाही शेळीजवळ कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी तिने धार काढली, यंत्र फिरवलं. साय पातळच.

सोमवारीही पातळच. मंगळवारी तिने ताटल्या तीनदा मोजल्या. अठरा. क्रम बरोबर. रबराचं कडं नवं बसवलं, ते दोन वर्षं पेटीत जपून ठेवलेलं होतं. दूध गार होत असेल म्हणून शेगडीवर जरा ऊन करून घेतलं. साय तशीच. बुधवारी तिने एक वेगळीच शंका घेतली आणि यंत्राच्या बुडाखाली पाचर मारून ते समतल केलं. फिक्या दुधात बोट बुडवून चाटलं. ते गोड लागलं, दाट लागलं. साय सगळी फिक्या दुधातच चालली होती. सरळ डुकराच्या पोटात.

योरुन चार दिवस या घराकडे फिरकली नव्हती, तरी साय तितकीच कमी होती. मग चोरी कुठे होती?

ओहोळापलीकडे योरुनच्या दारापुढे पसरट पराती मांडलेल्या दिसायच्या. चार, मग सहा, मग आठ. यंत्राला हात लावायचा नाही म्हणून ती दूध परातीत ठेवत होती, गाईच्या दुधासारखं. शेळीच्या दुधाला साय धरत नाही हे योरुनला माहीत नव्हतं असं थोडंच? बुधवारी संध्याकाळी वाऱ्याबरोबर आंबूस वास आला. सिनेवाने दार लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी धारा आटोपल्यावर तिने यंत्राची मूठ काढली आणि पायरीवर उन्हात बसून ती घासायला घेतली. वाड्याच्या धुळीने, सायीच्या कणांनी घंटी चिकटली असेल, असं तिला वाटलं. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या उकळलेलं पाणी घेऊन तिने घंटी लख्ख केली. आतली जीभ बोटाने हलवून पाहिली. मोकळी होती. कानाशी नेऊन घंटी हलवली. काहीच नाही.

"मेली वाटतं ही," ती पुटपुटली आणि परत हलवली.

पासोप तीन-चार हातांवर उन्हात पडला होता. त्याचा एक कान उभा राहिला.

सिनेवा थांबली. कुत्र्याचा कान खाली गेला. तिने घंटी हलवली. कान उभा. थांबली. खाली. मग तिने हात पाठीमागे नेला, कुत्र्याला काही दिसणार नाही असा, आणि हळूच हलवला. पासोपने डोकंच उचललं आणि तिच्याकडे पाहिलं, काय हवंय असं विचारल्यासारखं.

तिने घंटी दातांत धरली आणि हलवली. जिभेचा ठोका दातांत जाणवला. टक्, टक्, टक्. आवाज नाही. नुसता ठोका.

ओहोळाची खळखळ तिला ऐकू येत होती. शेळ्यांचं बें-बें येत होतं. सिवर्टचं बोलणं येत होतं, दागनीचं तर येतच होतं. मग हे काय? यंदा कळपापुढे चालणाऱ्या पुढारी शेळीच्या गळ्यातली घंटा रानात कानी पडत नव्हती, तेव्हा तिला वाटायचं शेळ्या लांब जातात. माळावर शीळ घालणारे पक्षी यंदा आलेच नाहीत असं तिने दागनीला सांगितलंही होतं. दागनीने त्या वेळी विचित्र नजरेने पाहिलं होतं ते आता तिला आठवलं. पक्षी आले असतील. दगडादगडावर बसून ओरडत असतील. आणि ही बसली होती त्यांची वाट बघत.

बापाचं असंच झालं होतं. आधी बारीक आवाज गेले, मग बायकांची बोलणी, मग सगळं. ती आणि सिवर्ट लहान असताना त्याच्या पाठीमागे ओठ हलवून हसायची. शेवटी शेवटी बाप जेवणाच्या टेबलावर कोणाच्या तोंडाकडेही बघत नसे, नुसता ताटात बघून खात असे.

ती उठली आणि दूधखोलीत गेली. आता सगळं तिच्या ध्यानात आलं. घंटी ऐकू येत नव्हती, म्हणून तिला ती गप्प झालीय असं वाटत होतं. रोज दोन वेळा, दीड महिना, यंत्राला वेग यायच्या आत ती तोटी सोडत होती. घंटी कोकलत होती आणि ती ओतत होती.

बापाचं खिशातलं घड्याळ खिळ्याला टांगलेलं होतं. त्यात सेकंदाचा काटा होता. संध्याकाळच्या धारेनंतर तिने ते यंत्रासमोर टांगलं, मूठ धरली आणि मोजायला सुरुवात केली. मिनिटाला साठ फेरे हवेत, असं यंत्रावरच कोरलेलं होतं. पंचेचाळिसाव्या फेऱ्यालाच मिनिट संपलं. तिने जोर लावला. दुसऱ्या मिनिटाला बावन्न. खांदा भरून आला, पाठीतून घाम सुटला. तिसऱ्या मिनिटाला साठ झाले, आणि मुठीत घंटीच्या ठोक्यांची एक बारीक थरथर होती ती बंद पडली. तिने तोटी सोडली.

नळीतून साय आली ती दोरीसारखी. जाड, जड, पिवळसर झाक असलेली. चरवीत पडली तशी घडी घालून बसली.

सिनेवा मूठ फिरवत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात सोडता येत नव्हता म्हणून ते पुसता येईना. आनंद झाला होता, नाही असं नाही. घड्याळ होतं, हात होता, मुठीतली थरथर होती. कोणाला काही सांगायची गरजच नव्हती. शनिवारी सिवर्ट येईल, चांगली साय पाहील आणि काय म्हणेल? खरंच चोर सापडला म्हणेल. योरुन यायची बंद झाली आणि साय आली. दागनी गावभर सांगेल. आणि सिनेवाचा पुढचा उन्हाळा सुखरूप राहील.

ओहोळापलीकडून आंबूस वास येत होता, तरी त्या रात्री तिने दार लावलं नाही.

शुक्रवारी दुपारी ती ओहोळावरच्या फळीवरून पलीकडे गेली. शंभर पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. योरुन चुलीपाशी उभी होती. आंबलेलं दूध कढईत आटवून त्याचं काहीतरी करायची धडपड चालली होती. वास नाकात बसत होता. फळीवर पराती ओळीने मांडलेल्या, आणि त्यांत निळसर, फाटलेलं दूध.

"काय हवंय?" योरुनने मागे वळून न बघता विचारलं.

"दूध घेऊन ये. यंत्रावर."

"तुझ्या यंत्राला माझा हात लागायला नको. नाहीतर पुढच्या वेळी यंत्रही चोरलं म्हणशील."

"योरुन, मला घंटी ऐकू येत नाही."

योरुनचा पळा कढईत थांबला. ती वळली.

"कसली घंटी?"

"मुठीवरची. मला वाटत होतं ती गप्प झालीय. ती गप्प होतच नव्हती. मी आधीच तोटी सोडत होते. साय सगळी फिक्या दुधात जात होती. काल मला कळलं." सिनेवा एका दमात बोलली. "तू काही घेतलं नाहीस."

"ते मला माहीतच होतं, मी काही घेतलं नाही ते," योरुन म्हणाली. "ठिपकीच्या खुरात खडा अडकला होता. लंगडत होती. तो काढत होते मी. तुझ्याच शेळीच्या पायातला."

योरुनने पळा बाजूला ठेवला आणि हात कमरेला बांधलेल्या कापडाला पुसले.

"आणि हे तू मला इथे येऊन सांगतेस. चुलीपाशी. दोघीच असताना."

"मग कुठे सांगू?"

"चोर म्हणालीस तेव्हा सिवर्ट होता. त्याची बायको होती. आठवड्यात सगळ्या खाडीला कळलं असेल. काल मीठ घेऊन आलेल्या माणसाने माझ्याकडे कसं पाहिलं ठाऊक आहे?" योरुनचा आवाज चढला नाही. पण सिनेवाला तो ऐकू आला, एकेक शब्द. "उद्या शनिवार आहे. चोर म्हणालीस ते त्यांच्यासमोर. बहिरी आहेस तेही त्यांच्यासमोर सांग."

"मग ते मला वर येऊ देणार नाहीत."

"नाही येऊ देणार कदाचित," योरुन म्हणाली आणि परत कढईकडे वळली.

त्या रात्री सिनेवाला झोप लागली नाही, आणि सकाळी धारा काढताना दोन शेळ्यांनी बादलीला लाथ मारली. तिने लोणी घुसळलं. दोन दिवसांचीच साय चांगली होती, पण लोणी पुष्कळ निघालं, पिवळं, घट्ट. पाच दिवसांचं आधीचं लोणी खाली आणि हे वर, असं पिंप भरलं. मग ती पायरीवर बसून वाटेकडे बघत राहिली. पोटात काही गेलं नव्हतं. घोड्याचं डोकं झुडपांतून वर आलं तेव्हा तिला उठवेना.

दागनी आजही आलीच होती. अशा दिवशी ती घरी कशी राहणार?

"काय वन्सं, सापडलं का लोणी?" तिने दारातूनच विचारलं, आणि पिंपाचं झाकण उघडून "अगो बाई!" म्हणाली. "बघितलंत? मी म्हणतच होते. तिच्या दारात पराती पाहिल्या, आठवडाभर नाही आली ती इथे, तर लगेच—"

"थांब जरा," सिनेवा म्हणाली. "योरुनला बोलावलंय मी."

योरुन ओहोळ ओलांडून आली आणि दारात उभी राहिली, आत पाऊल न ठेवता. सिवर्टने टोपी काढून हातात घेतली होती.

सिनेवाने यंत्राच्या मुठीवर हात ठेवला. तिला वाटलं होतं आवाज कापेल. पण तो कापला नाही, नुसता कोरडा पडला.

"सिवर्ट, मी योरुनला चोर म्हणाले. ते खोटं होतं. तिने माझ्या शेळीच्या खुरातला खडा काढला, आणि मी तिला चोर म्हणाले." तिने घंटीवर बोट टेकवलं. "लोणी मी घालवलं. मला ही घंटी ऐकू येत नाही. बारीक आवाज येत नाहीत मला. केव्हापासून ते माहीत नाही."

तिने मूठ फिरवली, सावकाश. घंटी वाजली असली पाहिजे, कारण दागनीने यंत्राकडे पाहिलं आणि मग सिनेवाच्या तोंडाकडे.

"हे... हे ऐकू येत नाही तुम्हाला?"

"नाही."

"एवढं मोठ्याने वाजतंय ते?"

"नाही म्हटलं ना."

सिवर्ट टोपी गोल गोल फिरवत होता. तो म्हणाला, "बाबांसारखं," आणि खिडकीबाहेर पाहू लागला. सिनेवाला दिसलं की त्यालाही ते आठवलं होतं, बापाच्या पाठीमागचं ते हसणं.

दागनी एकदम पुढे झाली. तिने सिनेवाच्या कानापाशी तोंड नेलं आणि ओरडली, "वन्सं! तुम्ही बसा जरा! कॉफी ठेवू का?"

"ओरडू नकोस," सिनेवा दचकून म्हणाली. "माणसं ऐकू येतात मला. तू तर खालच्या गावातूनही ऐकू येशील."

दारातून एक आवाज आला. योरुन हसली होती. हसू तिला नको होतं, ते तसंच निघून गेलं, आणि लगेच तिने तोंड परत कडक केलं. दागनी लाल झाली.

सिवर्टने घसा साफ केला. "पुढच्या वर्षी दागनी येईल वर," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर. तू शिकव तिला. मग... मग बघू."

सिनेवाने मान हलवली. मग बघू म्हणजे काय, ते तिला कळलं होतं. एक उन्हाळा, फार तर दोन. जिन्याखालची खोली. पण निदान पुढचा उन्हाळा होता.

सिवर्टने लोण्याच्या पिंपाला हात घातला. आज त्याला दोन हात लावावे लागले.

"ते ठेव," सिनेवा म्हणाली.

"का?"

"ते तुझं नाही. योरुनचं सगळं दूध आंबलं. आठवड्याचं. माझ्यामुळे. ते पिंप तिचं आहे."

"अहो, काय म्हणताय काय?" दागनीचा आवाज खरंच चढला. "आम्ही अडीच तास चढून आलो, आणि रिकाम्या घोड्याने जायचं?"

"चीज आहे. ते न्या."

"सिवर्ट, तुम्ही बोला ना काहीतरी."

सिवर्टने पिंप उचललं, दारापर्यंत नेलं आणि योरुनच्या पायांशी ठेवलं. मग तो घोड्याकडे गेला आणि चीजच्या वड्या बांधू लागला. दागनी त्याच्यामागे गेली. तिचं बोलणं बराच वेळ वाटेवरून ऐकू येत राहिलं, मग वळणापलीकडे नाहीसं झालं.

योरुन अजून दारातच होती. तिने झाकण काढलं, बोटाने थोडं लोणी घेतलं, जिभेवर ठेवलं आणि विचार केल्यासारखं थांबली. सिनेवाला वाटलं ती आता म्हणेल, राहू दे, अर्धं ठेव. योरुन तसं काही म्हणाली नाही.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली. मग पिंप उराशी धरून, पाय जपून टाकत, फळीवरून पलीकडे गेली. आभार मानले नाहीत.

सिनेवाने रिकाम्या चुलीपाशी बसून कोरडी भाकर खाल्ली. सकाळपासूनचं पहिलंच खाणं. खांदा गुरुवारपासून ठणकत होता. उन्हं कलली तशी ती उठली, कासरा आणि मिठाची पिशवी घेतली आणि उतारावर गेली. पुढारी शेळीची घंटा ऐकायचा प्रयत्न तिने केला नाही. डोळ्यांनीच शोधत राहिली, खडकामागे, झुडपांत. शेळ्या तिला ओहोळाच्या वरच्या अंगाला सापडल्या, सगळ्या शेहेचाळीस. धारा काढायला तिला नेहमीपेक्षा उशीर झाला.

दूध गाळून ती यंत्रापाशी आली. घड्याळ खिळ्याला लावलं. वरचं भांडं भरायला बादली उचलली, तेवढ्यात तिच्या पायांखालच्या फरशीत कोणाच्या तरी पावलांचा दणका जाणवला. वळून पाहिलं तर योरुन. खांद्यावर दांडी, दोन्ही बाजूंना वाफाळतं दूध.

"तुझी बादली खाली ठेव," योरुन म्हणाली. "उद्यापासून आधी माझं. आजपासूनच."

या खोलीत आजवर कधी तसं झालं नव्हतं. आईच्या वेळेलाही नाही. सिनेवाने बादली खाली ठेवली, स्वतःची चरवी बाजूला सरकवली आणि योरुनला जागा करून दिली. दूध गार होऊ नये म्हणून तिने बादलीवर लोकरीचं घोंगडं टाकलं आणि आपली पाळी यायची वाट बघत भिंतीला टेकून उभी राहिली.